तळटीप : चंद्राच्या कला आणि ग्रहणे
* मूळ लेखात चंद्रकलांचा व ग्रहणांचा उल्लेख एकाच वाक्यात आल्यामुळे, पृथ्वीची छाया पडल्यानेच चंद्र रोज झिजतो, असा बालवाचकांचा समज होणे संभवनीय आहे. तो वेळीच दूर करणे आम्ही अगत्याचे समजतो. चंद्राचा अर्धा गोल सूर्यप्रकाशाने सदैव उजळलेलाच असतो, आणि त्या उजळ भागाचा किती अंश आपल्या दृष्टीस पडावा हे सूर्य, चंद्र व पृथ्वी यांच्या परस्परस्थितीवर अवलंबून असून, हे चक्र सुमारे साडेएकोणतीस दिवसांत पुरे होते. शुद्ध तृतीयेच्या सायंकाळी पश्चिमेस पाहावे : कोरीचा फुगीर काठ नुकत्याच मावळलेल्या सूर्याकडेच वळलेला आढळेल, आणि पृथ्वीची छाया तर त्या वेळी थेट विरुद्ध दिशेस, पूर्वेकडे, पसरलेली असते! अमावास्येस चंद्र सूर्याच्याच दिशेस असतो, मग दर अमावास्येस सूर्यग्रहण का होत नाही, ही शंका रास्तच आहे. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी सुमारे ५ अंशांनी कललेली असल्याने तो बहुधा सूर्याच्या वा भूछायेच्या वरून किंवा खालून निघून जातो. चंद्रकक्षेचे या पातळीशी जे दोन छेदनबिंदू, ज्यांना आपले पंचांगकर्ते राहू व केतू म्हणतात, त्यांच्या आसपास तो असताना अमावास्या वा पौर्णिमा आली, तरच ग्रहण घडते. २२ जानेवारी १८९८ रोजी, पौष अमावास्येस, असा योग आला, आणि ते खग्रास सूर्यग्रहण पाहण्याकरिता नॉर्मन लॉकियर हे इंग्रज ज्योतिर्विद आपल्या उपकरणांचा सारा सरंजाम घेऊन कोकणात विजयदुर्गास येऊन राहिले होते. खग्रास अवस्था तेथे सुमारे दोन मिनिटेच टिकली. — संपादक