पुण्यातील अवजड डिझेल इंजिने आणि इंधनबचतीचा प्रश्न : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासात पुण्याच्या इंजिन उद्योगाचा उल्लेख गौरवाने केला जातो. मात्र कारखान्यांची स्थापना, परकीय सहकार्याचे करार आणि उत्पादनवाढ या अंगांवरच त्यात प्रामुख्याने भर दिलेला आढळतो. इंजिनाने किती डिझेल जाळले व त्या मोबदल्यात किती काम केले, हा प्रश्न तंत्रज्ञांचा म्हणून बाजूला राहिला. प्रस्तुत निबंधात खाणी व धरणांच्या कामांवरील अवजड डंपरच्या इंजिनांच्या संदर्भात या प्रश्नाचा मागोवा घेतला आहे. इंधनबचत जशी इंजिनाच्या रचनेवर अवलंबून असते, तशीच ती डिझेलचे बिल कोण भरतो आणि खर्चाचा हिशेब कोणत्या मापाने होतो यावरही अवलंबून असते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

खडकी ते कोथरूड

रुडॉल्फ डिझेल यांच्या इंजिनाची १८९७ साली जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे चाचणी झाली, तेव्हा त्याची कार्यक्षमता सुमारे २६ टक्के भरली. तत्कालीन वाफेच्या इंजिनांच्या तुलनेत हे प्रमाण कितीतरी अधिक होते. म्हणजेच इंधनाची काटकसर हेच या इंजिनाचे मूळ प्रयोजन होय.

पुण्यात खडकी येथे १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स या कंपनीची स्थापना झाली. तिची इंजिने शेतकऱ्यांच्या विहिरींवर पोहोचली. हा ग्राहक डिझेल स्वतःच्या पैशाने विकत आणणारा होता. एका डब्यात किती वेळ पाणी उपसले जाते, हे त्याला रोज डोळ्यांसमोर दिसत असे. त्यामुळे इंजिनाची काटकसर त्याला वेगळी समजावून सांगावी लागत नसे.

स्वातंत्र्योत्तर काळात धरणे, रस्ते व खाणी यांची कामे वाढली आणि अधिक शक्तीच्या इंजिनांची गरज निर्माण झाली. शंतनुराव किर्लोस्करांच्या पुढाकाराने १९६२ साली अमेरिकेतील कमिन्स कंपनीच्या सहकार्याने किर्लोस्कर कमिन्स ही कंपनी स्थापन झाली व कोथरूड येथे तिचा कारखाना उभा राहिला. कमिन्स कंपनीनेही काटकसरीचा प्रचार पूर्वीपासून केला होता. १९३१ साली इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत तिच्या डिझेल मोटारीने इंधनासाठी एकदाही न थांबता संपूर्ण अंतर पार केले होते.

तीन रचना, तीन हिशेब

विसाव्या शतकाच्या मध्यास अवजड यंत्रांसाठी मुख्यतः तीन प्रकारची इंजिने प्रचलित होती. पहिला प्रकार कॅटरपिलर कंपनीने दीर्घकाळ वापरलेल्या पूर्वज्वलन कक्षाच्या इंजिनांचा. त्यात इंधन प्रथम एका लहान कक्षात पेटते. हलक्या प्रतीचे इंधनही त्यात चालते, परंतु कक्षाच्या भिंतींतून उष्णता वाया जाते. दुसरा प्रकार जनरल मोटर्सच्या टू-स्ट्रोक इंजिनांचा. त्यांत आकारमानाच्या मानाने शक्ती अधिक मिळते. मात्र सिलिंडरमध्ये हवा लोटणारा ब्लोअर इंजिनाच्याच शक्तीवर चालत असल्याने काही इंधन त्यातच खर्ची पडते.

कोथरूडला आलेली इंजिने तिसऱ्या प्रकारची, म्हणजे फोर-स्ट्रोक व थेट इंधन फवारणीची होती. इंधन सिलिंडरमध्येच फवारले जात असल्याने उष्णतेचा अपव्यय कमी होतो. पुढे टर्बोचार्जरची जोड मिळाली आणि बाहेर वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावरच हवा आत लोटली जाऊ लागली. ‘केटीए’ या नावातील ‘टी’ हे अक्षर टर्बोचार्जरचे, तर ‘ए’ हे दाबलेली हवा थंड करणाऱ्या आफ्टरकूलरचे द्योतक आहे. भारत अर्थ मूव्हर्सच्या ८५ टनी डंपरमध्ये याच मालिकेतील १२ सिलिंडरचे, ३८ लिटर क्षमतेचे इंजिन वापरले गेले.

या फरकाचे मोल एका उदाहरणाने स्पष्ट होईल. एक किलोवॅट-तास कामासाठी एका इंजिनास २४० ग्रॅम व दुसऱ्यास २१० ग्रॅम डिझेल लागते असे मानू. सरासरी ४०० किलोवॅट शक्तीने काम चालल्यास दर तासाला १२ किलो, म्हणजे सुमारे १४ लिटर डिझेल वाचते.

बिल कोणाचे, माप कोणते?

१९७३ च्या तेलसंकटात खनिज तेलाच्या किमती काही महिन्यांतच जवळजवळ चौपट झाल्या. १९७८ साली भारतात पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था स्थापन झाली. याच दशकात कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण होऊन १९७५ साली नागपूर येथे मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफील्ड्स ही कंपनी अस्तित्वात आली. सरकारी खाणींच्या रूपाने अवजड डंपरला मोठा ग्राहक मिळाला. परंतु शेतकरी आणि हा ग्राहक यांत मूलभूत भेद होता. येथे डंपर चालविणारा, तो खरेदी करणारा आणि डिझेलचे बिल मंजूर करणारा हे तिघे वेगवेगळे होते. शिवाय डिझेलचा दर दीर्घकाळ शासननियंत्रित होता. घाऊक ग्राहकांसाठी तो जानेवारी २०१३ मध्ये, तर सर्वांसाठी ऑक्टोबर २०१४ मध्ये बाजाराशी जोडला गेला. तोपर्यंत अपव्ययाची पूर्ण किंमत वापरणाऱ्याच्या हिशेबात दिसत नव्हती.

मापाचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. ‘तासाला किती लिटर’ हे माप सोपे असले तरी फसवे आहे. शॉव्हेलपुढे रांगेत इंजिन चालू ठेवून उभा असलेला डंपर तासाला थोडेच डिझेल जाळतो; कागदावर तो काटकसरी ठरतो, प्रत्यक्षात मात्र त्याने एक टनही माल हलविलेला नसतो. खाणीतील चढ, रस्त्याची अवस्था, टायरमधील हवा व अपुरा भार यांमुळे उत्तम इंजिनाची बचतही निष्फळ ठरू शकते. म्हणून ‘प्रतिटन-किलोमीटर किती लिटर’ हेच तुलनेचे न्याय्य माप होय.

निष्कर्ष

खडकीच्या इंजिनाला काटकसर ग्राहकाने शिकविली; कोथरूडच्या इंजिनाने ती रचनेतच आणली, पण तिचा पुरेपूर लाभ घेण्याची निकड त्याच्या ग्राहकाला तितकीशी भासली नाही. तंत्रज्ञान उपलब्ध होणे आणि त्याचा लाभ समाजाला मिळणे या दोन भिन्न घटना आहेत, हे यावरून स्पष्ट होते. औद्योगिक इतिहासाच्या अभ्यासकांनी उत्पादनाच्या आकड्यांबरोबरच खाणी व प्रकल्पांच्या इंधन नोंदवह्या, लॉगबुके व खरेदीच्या निविदा यांनाही साधनांचा दर्जा द्यावयास हवा. आयात तेलावर अवलंबून असलेल्या देशात जाळलेल्या प्रत्येक लिटरचा इतिहास हा त्याच्या अर्थकारणाचाही इतिहास असतो.