सावली मोजणारी माणसं

आज नमाजची वेळ मशिदीच्या भिंतीवरचं डिजिटल घड्याळ सांगतं. ते नव्हतं तेव्हा वेळ सावलीवरून कळायची. सूर्य माथ्यावरून ढळला की जोहर. भर दुपारची मूळ सावली वजा करून उरलेली सावली वस्तूच्या उंचीच्या दुप्पट झाली की हनफी मसलकानुसार असर. एक काठी, तिची सावली आणि थोडा हिशेब एवढ्यावर काम चालायचं. मोठ्या मशिदींत याच कामासाठी एक जाणकार नेमलेला असे. त्याला मुवक्कित म्हणत.

दमास्कसच्या उमय्या मशिदीचे मुवक्कित होते इब्न अल-शातिर. १३७१ साली त्यांनी तिथल्या मिनारासाठी एक छायाघड्याळ बनवलं. त्याचा काटा पृथ्वीच्या अक्षाला समांतर होता, म्हणजे जमिनीशी त्याचा कोन त्या गावाच्या अक्षांशाइतका. दमास्कसला तो साधारण साडेतेहतीस अंश.

हाच हिशेब आज आपल्या शहरात पुंडलिकनगरच्या गच्च्यांवर लागू होतो. आपला अक्षांश जवळपास २० अंश. म्हणून वर्षभराचं ऊन धरायचं तर सोलर पॅनल दक्षिणेकडे तोंड करून साधारण २० अंशांच्या उतारावर बसवावं.

मधल्या काळातला एक प्रयोग आपल्याच राज्यातला आहे. मुंबईत राहणाऱ्या विल्यम अ‍ॅडम्स या इंग्रज अधिकाऱ्याने आरशांनी ऊन एकवटून बॉयलर तापवला, त्यावर वाफेचा पंप चालवला आणि १८७८ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. पण आरसे सूर्यामागे सतत हलवावे लागत. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅबने सिलिकॉनचा सौर सेल दाखवला आणि पुढे एका जागी पक्कं बसवलेलं पॅनल शक्य झालं. पॅनल हलत नाही, म्हणूनच जागा आणि कोन पहिल्याच दिवशी बरोबर निवडावा लागतो.

पुंडलिकनगरची गच्ची डोळ्यांसमोर आणा. शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, म्हणून घरोघरी काळ्या टाक्या. शिवाय जिन्याची खोली, कठडा आणि शेजारचा वाढलेला मजला. पॅनलमधले सेल एकापुढे एक साखळीसारखे जोडलेले असतात. थोड्या सेलांवर सावली पडली तरी साखळीतला प्रवाह अडतो. डायोड नुकसान कमी करतात, पण संपवत नाहीत.

खरी फसगत इथे होते. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आपल्याकडे भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. त्या दिवसांत गच्ची पाहायला आलेल्या माणसाला जागा मोकळी वाटते. २२ डिसेंबरला तीच पाच फुटी टाकी दुपारी साडेबाराला पावणेपाच फूट, तर सकाळी साडेनऊला नऊ फुटांहून लांब सावली टाकते, तीही उत्तर-पश्चिमेकडे.

२०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. १ किलोवॉटला सुमारे १०० चौरस फूट जागा लागते आणि वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट वीज मिळते. पण हे आकडे सावली नसलेल्या जागेचे आहेत. १० किलोवॉटपर्यंतच्या अर्जाला आता वीज कंपनीच्या तांत्रिक व्यवहार्यता तपासणीची अट नाही. सावलीची चौकशी आपणच करायची.

बाकीच्या गोष्टीही विचारून घ्या. सांगाडा गॅल्व्हनाइज्ड आणि वादळी वाऱ्याला टिकणारा हवा. एसी, डीसी आणि वीजरोधकासाठी वेगवेगळं अर्थिंग हवं. बोल्ट मारल्यावर स्लॅबचं वॉटरप्रूफिंग पुन्हा करून घ्यावं. आणि बॅटरी नसेल तर लाइट गेल्यावर सोलरही बंद होतं. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनचा जीव वाचावा म्हणून इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो.

मशिदीच्या गच्चीवर सोलर बसवण्याचा विचार आता बऱ्याच कमिट्या करतात. आपला किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे. त्यामुळे भिंती जवळपास चार दिशांना धरून असतात आणि दक्षिणमुखी रांगा सहज बसतात. मात्र घुमट आणि मिनाराच्या उत्तरेची जागा टाळावी लागते. घरगुती अनुदान मशिदीला मिळत नाही. तो पैसा चंद्याचा, म्हणजे अमानत आहे. पंचवीस वर्षांसाठी तो गच्चीवर मांडण्याआधी सावली मोजणं हे कमिटीचं कर्तव्यच आहे.

डिसेंबरमध्ये सकाळी साडेनऊ, दुपारी साडेबारा आणि साडेतीनला गच्चीवर जा आणि सावलीच्या कडा खडूने आखा. तेवढं थांबायचं नसेल तर कंत्राटदाराकडून २२ डिसेंबरचा सावलीचा नकाशा मागा. तो हातात येईपर्यंत आगाऊ रक्कम देऊ नका.