ग्रंथ कोणाचा? : प्रताधिकार, परवाना आणि आपली ग्रंथालये

शताब्दी स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा मी प्रथम ग्रंथालयाच्या जुन्या दाखल नोंदवह्या पुन्हा एकदा चाळल्या. दाखल क्रमांक, दिनांक, ग्रंथनाम, ग्रंथकार, किंमत असे रकाने ओलांडत नजर अखेरीस ‘कोठून मिळाले’ या रकान्यावर स्थिरावते. पानामागून पाने उलटली तरी तेथे दोनच शब्द आढळतात : ‘खरेदी’ किंवा ‘भेट’. मार्ग कोणताही असो, ग्रंथ एकदा दाखल झाला, त्याच्यावर शिक्का उमटला, की तो ग्रंथालयाचा झाला. तो कोणाला द्यावा, किती वेळा द्यावा, जीर्ण झाल्यावर त्याची बांधणी करावी की नाही, हे ठरवणारे आपणच.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत जगातील ग्रंथालयांच्या व्यवहारात तिसरा एक शब्द शिरला आहे. तो म्हणजे ‘परवाना’. संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर वाचावयाचे डिजिटल पुस्तक ग्रंथालयाला बहुधा विकले जात नाही. ठराविक मुदतीसाठी, ठराविक अटींवर वापरावयास दिले जाते. वरवर पाहता हा तांत्रिक फरक आहे. परंतु मंठाळसारख्या सीमेवरील गावात मराठी ग्रंथ शंभर वर्षे का टिकला, याचा विचार केला म्हणजे या फरकाचे गांभीर्य ध्यानात येते.

राज्ये बदलली, कपाटे राहिली

आपले ग्रंथालय उभे राहिले तो काळ निजामी राजवटीचा. हैदराबाद संस्थानची राजभाषा उर्दू होती आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणमाध्यमही उर्दूच होते. मराठी, कन्नड, तेलुगू या बहुसंख्य प्रजेच्या भाषांना दरबारी प्रतिष्ठा नव्हती. सभा भरवण्यापूर्वी सरकारी परवानगी घ्यावयास लावणारी ‘गश्ती निशाण ५३’ मुक्तिसंग्रामाच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. अशा वातावरणात देशी भाषांचा संसार सांभाळला तो खाजगी शाळांनी आणि ग्रंथालयांनी. हैदराबादेत १९०१ साली श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम् आणि १९२२ साली मराठी ग्रंथ संग्रहालय स्थापन झाले. गुलबर्ग्यात १९०७ साली नूतन विद्यालय सुरू झाले. आपले ग्रंथालय याच परंपरेतील एक लहानसा दुवा होय.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी सत्तेचा शेवट झाला. १९५५ साली हैदराबाद राज्याने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. पण १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते राज्यच उरले नाही. आपल्या बीदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा हा भाग तेव्हाच्या मुंबई राज्यात गेला, जहीराबाद आणि नारायणखेड आंध्र प्रदेशात गेले आणि उरलेला जिल्हा म्हैसूर राज्यात आला. एका घरातील दोन भाऊ दोन राज्यांचे रहिवासी झाले. शाळेची भाषा बदलली, कचेरीतील अर्जाची भाषा बदलली.

या साऱ्या उलथापालथीत कपाटातील मराठी पुस्तके मात्र होती तेथेच राहिली. त्यांना नव्या राज्याची अनुमती घ्यावी लागली नाही. पुण्या-मुंबईच्या प्रकाशकाला ती परत मागता आली नाहीत. याचे कारण भावनिक नाही, कायद्याचे आहे : ती पुस्तके ग्रंथालयाच्या मालकीची होती.

प्रताधिकार : हक्क आणि त्याची मर्यादा

या मालकीचा कायदेशीर पाया थोडा समजून घेतला पाहिजे. ब्रिटिश पार्लमेंटच्या १९११ च्या कायद्यावर आधारलेला प्रताधिकार कायदा हिंदुस्थानात १९१४ साली आला आणि स्वातंत्र्यानंतर १९५७ चा आपला स्वतंत्र कायदा झाला. ग्रंथ छापण्याचा, त्याचा अनुवाद करण्याचा, त्याच्या प्रती प्रसृत करण्याचा हक्क ग्रंथकाराचा किंवा त्याने ज्याला तो दिला त्याचा असतो. मात्र प्रती प्रसृत करण्याच्या हक्कातून, आधीच प्रसारात आलेल्या प्रती कायद्याने वगळल्या आहेत. म्हणजे प्रत एकदा विकली गेली, की त्या विशिष्ट प्रतीवरील प्रकाशकाची सत्ता संपते. ती विकता येते, दान करता येते, वाचावयास देता येते. गावोगावची ग्रंथालये या एका तत्त्वावर उभी आहेत.

येथे लेखकाची बाजूही विसरून चालणार नाही. मराठी पुस्तकाची हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती संपावयास वर्षे लागतात. केवळ लेखणीवर संसार चालवणारे मराठी लेखक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांच्या श्रमाचे मोल बुडवून ग्रंथालयांनी मोठे व्हावे, असे कोणी म्हणणार नाही. ब्रिटनने १९७९ साली कायदा करून ग्रंथालयातून पुस्तक वाचावयास दिले गेल्याबद्दल लेखकाला सरकारी निधीतून मानधन देण्याची सोय केली. वाचक आणि लेखक या दोघांचेही हित पाहणारी ही वाट आहे.

प्रताधिकाराला दुसरी मर्यादा कालाची. आपल्याकडे ही मुदत मुळात लेखकाच्या निधनानंतर पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली निवर्तले. त्यांच्या साहित्यावरील विश्वभारतीचा हक्क १९९१ च्या अखेरीस संपणार, तोच मुदत साठ वर्षांची करण्यात आली. बंगालमधील त्या प्रश्नाचा परिणाम मराठी वाचकावरही झाला. साने गुरुजींचे निधन ११ जून १९५० रोजी झाले. जुन्या हिशेबाने ‘श्यामची आई’ २००१ च्या आरंभी सर्वांना खुली झाली असती. ती झाली २०११ च्या आरंभी. कायद्यातील एक आकडा बदलला की वाचकाच्या हाती येणारे पुस्तक दहा वर्षे लांबते, याचे हे घरचे उदाहरण.

परवान्याचा काळ

डिजिटल पुस्तकाने या दोन्ही मर्यादा हलवल्या. फाईल विकली जात नाही, तिचा परवाना दिला जातो. त्यामुळे ‘विकली की सत्ता संपली’ हे तत्त्वच लागू होत नाही. २००९ साली अॅमेझॉनने हक्काच्या वादावरून जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ आणि ‘अॅनिमल फार्म’ ही पुस्तके विकत घेतलेल्या वाचकांच्या किंडल यंत्रांतून परस्पर पुसून टाकली. पैसे परत केले, नंतर क्षमाही मागितली; परंतु विकलेले पुस्तक दुकानदार वाचकाच्या घरातून उचलून नेऊ शकतो, हे जगाला त्या दिवशी कळले.

ग्रंथालयांचा अनुभव याहून वेगळा नव्हता. २०११ साली हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने ग्रंथालयांसाठी अट घातली : डिजिटल पुस्तक सव्वीस वेळा देऊन झाले की परवाना संपला, पुन्हा पैसे भरा. आपल्याकडील एखादी लोकप्रिय कादंबरी सव्वीस वाचकांनंतर कपाटातून नाहीशी झाली असती, तर आपण काय म्हटले असते? मॅकमिलनने नोव्हेंबर २०१९ पासून नव्या पुस्तकाची पहिले आठ आठवडे एका ग्रंथालयास एकच डिजिटल प्रत देण्याचे धोरण आणले. ग्रंथालयांनी विरोध केला आणि मार्च २०२० मध्ये ते मागे घेतले गेले.

या वादाचा मोठा निकाल अमेरिकेत लागला. इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था आपल्याजवळील छापील पुस्तकाचे छायाचित्रण करून, जितक्या छापील प्रती तितक्याच डिजिटल प्रती एका वेळी वाचावयास देत असे. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे ग्रंथालये बंद पडली, तेव्हा तिने ही मर्यादा काही आठवडे उठवली. १ जून २०२० रोजी चार बड्या प्रकाशकांनी दावा दाखल केला. त्यात १२७ पुस्तकांची यादी होती. पण आव्हान केवळ महामारीच्या सवलतीला नव्हते, ‘एका छापील प्रतीमागे एक डिजिटल प्रत’ या मूळ पद्धतीलाच होते. २४ मार्च २०२३ रोजी न्यायालयाने प्रकाशकांच्या बाजूने निकाल दिला आणि ४ सप्टेंबर २०२४ रोजी वरिष्ठ न्यायालयाने तो कायम केला. त्या वादाच्या ओघात पाच लाखांहून अधिक पुस्तके वाचकांना मिळेनाशी झाली.

आपल्या देशातील स्थिती

ही अमेरिकेची गोष्ट आपल्याला कशाला, असे कोणी विचारील. उत्तर जवळचे आहे. या शतकाच्या आरंभी बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि इतर संस्थांच्या सहभागाने ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ हा प्रकल्प चालला. देशातील ग्रंथालयांमधील जुनी पुस्तके संगणकावर आणली गेली. त्यांत मराठी पुस्तकांचा भरणा मोठा होता. तथापि कोणते पुस्तक हक्कमुक्त आणि कोणते नाही, ही निवड काटेकोर झाली नाही. प्रताधिकारभंगाचा प्रश्न उपस्थित झाला आणि ते संकेतस्थळ बंद पडले. त्यांतील हक्कमुक्त ग्रंथांचाही रस्ता त्याबरोबर अडला. त्या संग्रहाचा बराच भाग आज मिळतो, तो याच इंटरनेट आर्काइव्हवर. म्हणजे दुर्मिळ मराठी ग्रंथ शोधणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याला साता समुद्रापलीकडील, न्यायालयात हरलेल्या संस्थेच्या दारी जावे लागते.

दुसरीकडे न्यायाचा कौल नेहमी एकाच बाजूला पडतो असेही नाही. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील एका छायाप्रतीच्या दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस यांनी २०१२ साली दावा लावला. विद्यार्थ्यांसाठी पुस्तकांतील उताऱ्यांचे संच तयार करणे अध्यापनाच्या कामी कायद्यात बसते, असा निर्णय सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दिला. डिसेंबरात खंडपीठाने मुख्य तत्त्व मान्य केले आणि २०१७ साली प्रकाशकांनी दावा मागे घेतला. खेड्यातून आलेल्या विद्यार्थ्याला महागडे इंग्रजी पुस्तक परवडत नाही, हे ज्याने वर्गात उभे राहून पाहिले आहे, त्याला या निकालाचे मोल सांगावे लागत नाही.

परवान्याच्या व्यवहारात आता सरकारही उतरले आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेस संमती दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशक आणि सुमारे तेरा हजार नियतकालिके असा तिचा विस्तार. सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांना तिचा लाभ आहे आणि तो स्वागतार्ह आहे. परंतु गावचे सार्वजनिक ग्रंथालय त्या हद्दीबाहेर राहिले. शिवाय वर्गणीने मिळालेला प्रवेश वर्गणीच्या काळापुरताच. हद्द या शब्दाचा अर्थ सीमाभागातील माणसाला निराळा समजावून देण्याची गरज नाही.

आपण काय करावे?

लहान ग्रंथालयाच्या हाती काहीच नाही, असे मला वाटत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या कायद्यात एक उपयुक्त तरतूद आली आहे. नफ्यासाठी न चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाजवळ एखादी छापील प्रत असेल, तर जतनासाठी ते ती संगणकीय स्वरूपात साठवून ठेवू शकते. तसेच भारतात विक्रीस उपलब्ध नसलेल्या पुस्तकाच्या ग्रंथालयाच्या उपयोगासाठी तीनपर्यंत प्रती करण्याची मुभा आहे. ही परवानगी जतनाची आणि ग्रंथालयातील उपयोगाची आहे, जगभर वाटण्याची नव्हे. हे भान मात्र ठेवले पाहिजे. वाळवी आणि ओल यांनी आपली किती पुस्तके नेली, हे नोंदवहीतील ‘बाद’ या शेऱ्यावरून दिसते. राहिलेली वाचवण्याचा मार्ग कायद्यानेच खुला केला आहे.

दुसरे काम यादीचे. केशवसुत, हरि नारायण आपटे, राम गणेश गडकरी, साने गुरुजी, मर्ढेकर यांचे साहित्य आज हक्कमुक्त आहे. आपल्या संग्रहातील ज्या ग्रंथकारांच्या निधनानंतरची साठ वर्षे पूर्ण झाली, त्यांची यादी करावी आणि ते ग्रंथ निःशंकपणे सर्वांस खुले करावे. फक्त नव्या आवृत्तीतील संपादकाची प्रस्तावना, टिपा किंवा अनुवाद यांवर स्वतंत्र हक्क असू शकतो, एवढे पाहावे. तिसरे काम जिव्हाळ्याचे. बीदर-कलबुर्गी भागात लिहिणाऱ्या हयात लेखकांची, दिवंगतांच्या वारसांची भेट घेऊन लेखी संमती मिळवावी. अनेक पुस्तकांचे प्रकाशक आज अस्तित्वात नाहीत, वारसांचा ठावठिकाणा लागत नाही. अशा ग्रंथांसाठी कायद्यात अर्जाची वाट आहे. पण ती वर्गणी आणि देणगी यांवर चालणाऱ्या संस्थेला परवडणारी नाही. विचारण्याजोगी माणसे आहेत तोवर विचारून घेतले पाहिजे.

आणि डिजिटल पुस्तकांचा परवाना घेण्याची वेळ आलीच, तर कार्यकारी मंडळाने सही करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : मुदत संपल्यावर आमच्याजवळ काय उरेल? नव्या साधनांना माझा विरोध नाही. दृष्टी मंदावलेल्या वयोवृद्ध सभासदाला अक्षरे मोठी करून वाचता यावीत, पुण्यात नोकरी करणाऱ्या आपल्या मुलाला आपल्या ग्रंथालयातील पुस्तक तेथे वाचता यावे, हे मलाही हवे आहे. परंतु ज्यांनी निजामी अमलात पै-पैसा जमवून पुस्तके विकत घेतली, त्यांनी ती केवळ स्वतःसाठी घेतली नव्हती. त्यांच्या मागे राज्य बदलले, भाषेचे दिवस बदलले, आणि तरीही आपल्याला ती मिळाली. कारण देण्याचा अधिकार त्यांच्या हाती होता.

दुसऱ्या शतकाच्या आरंभी नवी दाखल नोंदवही उघडली जाईल. तिच्यात ‘परवाना’ हा शब्द येणार असेल तर येवो. पण त्याच्या शेजारी ‘खरेदी’ आणि ‘भेट’ हे दोन शब्द पूर्वीप्रमाणेच वरचेवर लिहिले जावोत. सभासदांनी आणि देणगीदारांनी तेवढे मनावर घ्यावे, ही या प्रसंगी नम्र विनंती.