बागलाणचे दप्तर आणि जखमी माणूस

सटाण्याच्या तालुका कचेरीचा विषय निघाला की बागलाणच्या माणसाला प्रथम स्मरण होते ते यशवंतराव महाराज भोसेकरांचे. 1870-71 च्या दुष्काळात मामलेदार या नात्याने आपल्या ताब्यातील सरकारी खजिना त्यांनी भुकेल्या रयतेसाठी खुला केला, आणि कृतज्ञ लोकांनी त्यांना देवमामलेदार मानून आरम नदीच्या तीरी त्यांचे मंदिर उभारले. उपासमारीचे निवारण हे सरकारचे कर्तव्य होय, असे ज्या कचेरीच्या अधिकाऱ्याने आचरणाने दाखविले, तिच्याच अमलाखालील गावांत विहीर खणताना दरड कोसळून जायबंदी झालेला मजूर, किंवा फडातील उसाला रात्री पाणी देताना अंधारात दंश झालेला पाटकरी, यांची दखल मात्र दीर्घकाळ कोणत्याही दप्तराने घेतली नाही.

दखल होती ती मृत्यूची. 1867 च्या मुंबई ग्रामपोलीस कायद्यान्वये अकस्मात मृत्यू घडताच समंजस इसम जमवून पंचनामा करणे आणि वरिष्ठांकडे वर्दी देणे हे पोलीसपाटलाचे काम ठरले. परंतु जखम होण्यापासून प्राण जाईपर्यंत किती घटका लोटल्या आणि बाजेवर वा बैलगाडीत घालून त्या अभाग्यास कोठवर नेले, हे कोणी पुसत नसे, आणि जो पंगू होऊन जगला तो तर लेखी उरतच नसे. 1881 च्या कारखाना कायद्याने यंत्रांना कुंपण आणि अपघाताची वर्दी या गोष्टी आणल्या खऱ्या, पण शंभर वा अधिक कामगारांच्या, यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांपुरत्या. बागलाणचे शेत त्या व्याख्येत बसणारे नव्हते.

ही उणीव भरून काढण्याचा जो प्रयत्न मला सर्वांत थोर वाटतो, तो सह्याद्रीच्या पलीकडे, कोकणात झाला. 1976 मध्ये महाडजवळील बिरवाडीच्या आरोग्यकेंद्रावर रुजू झालेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशाने दगावणारे शेतकरी व मजूर पाहिले, आणि प्रत्येक रुग्णाच्या उशाशी बसून ओकारी, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय, पुढे फुप्फुसांत साचणारे पाणी असा लक्षणांचा क्रम टिपून ठेवला. 1982 मध्ये ‘लॅन्सेट’ने त्यांचे निरीक्षण प्रसिद्ध केले, पुढे रक्तदाबावरील प्राझोसिन या स्वस्त गोळीचा उपयोग त्यांनी सिद्ध केला, आणि वेळेवर उपचार मिळालेल्यांतील मृत्यूंचे प्रमाण अत्यल्प झाले. आणीबाणीच्या वैद्यकाचे संशोधन प्रयोगशाळेपासून दूर, एका खेड्यातील टिपणवहीतही उभे राहू शकते, हे या कार्याने महाराष्ट्राला दाखविले.

जखमेपासून उपचारापर्यंतच्या वेळेची नोंद मात्र त्यानंतर पुष्कळ वर्षांनी शक्य झाली: 26 जानेवारी 2014 रोजी राज्यात 108 क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. तिच्या 937 रुग्णवाहिकांपैकी 233 प्रगत जीवरक्षक व 704 मूलभूत सोयींच्या होत्या, प्रत्येकीत डॉक्टर असावा अशी योजना होती, आणि पुण्यातील औंधच्या केंद्रात हाक आल्याची व गाडी निघाल्याची वेळ नोंदली जाऊ लागली. साल्हेर-मुल्हेरच्या डोंगरवाटांवरून सटाण्याच्या ग्रामीण रुग्णालयापर्यंत, आणि तेथून नव्वदेक किलोमीटरवरील नाशिकपर्यंत जाणाऱ्या रुग्णासाठी ही वेळ हाच खरा पुरावा आहे. तालुकानिहाय तिचा अभ्यास व्हावा, अशी माझी मनापासूनची मागणी आहे.

नोंदीचा हाच प्रश्न साहाय्याच्या बाबतीतही उरतो. शेतकऱ्यांसाठी राज्याने गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने अपघात विमा योजना चालविली आणि मृत्यूस दोन लाख रुपयांचे साहाय्य ठेवले, ही मोलाची गोष्ट होय. परंतु तिची कागदपत्रे सातबाऱ्यावरील खातेदारापासून सुरू होत. ज्याच्या नावावर गुंठाही जमीन नाही, असा कांदा काढणारा, विहीर खणणारा मजूर त्या उताऱ्यावर नाही.