बटणांच्या फोनवरचे खेळ

‘जावा गेम’ : बारामती-इंदापूरकडच्या मुलांनी बटणांच्या नोकियावर खेळलेले हे खेळ ‘जार’ फाइलींत असत. मेमरी कार्ड आणि ब्लूटूथने ते हातोहात फिरले, म्हणूनच पुष्कळसे वाचले. जपानी खेळांना हे भाग्य लाभले नाही. एनटीटी डोकोमो या मोबाइल कंपनीच्या आय-मोड इंटरनेट सेवेवर २००१पासून आलेले जावा खेळ त्या-त्या फोनशीच बांधलेले असत. प्रत दुसऱ्याला देता येत नसे आणि सर्व्हर बंद पडला की नव्याने उतरवणेही संपे. जी-मोड कंपनीने २०२०पासून काही खेळ निन्टेंडो स्विच या गेम कन्सोलवर पुन्हा आणले. उरलेल्यांसाठी हौशी संग्राहक जुने फोन मिळवून त्यांच्या मेमरीतून खेळ बाहेर काढतात. हे काम अतिशय मोलाचे आहे. आपल्याकडेही जुना फोन भंगारात देण्याआधी त्यातल्या फाइली उतरवून घ्याव्यात.