कुलूपबंद कपाट ते पाड्यावरचे अंगण

एखाद्या बालवाडीत गेलो की आम्ही आधी तिथले कपाट पाहतो. बहुतेक ठिकाणी ते भिंतीला टेकून उभे असते, त्यात रंगीत ठोकळे, मणी, भिंगे नीट रचलेली असतात आणि दाराला कुलूप असते. विचारले तर उत्तर मिळते, "मुलं मोडतात हो, मग नवीन कुठून आणायचं?" बाईंची अडचण खरी असते, हिशेब त्यांनाच द्यावा लागतो. पण त्याच वेळी बाहेरच्या नळाखाली एक चार वर्षांचे पोर वाटीत खडे टाकून पाणी कसे वर येते ते पाहत असते. विज्ञान कपाटात आहे की नळाखाली? हा प्रश्न नवा नाही. त्याला जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातला एक महत्त्वाचा अध्याय आपल्या महाराष्ट्रात घडला आहे.

सुरुवात जर्मनीत झाली. फ्रेडरिक फ्रोबेल हा शिक्षक होण्याआधी आणि नंतरही निसर्गात रमणारा माणूस. १८१४ ते १८१६ या काळात त्याने बर्लिनमध्ये खनिजशास्त्राच्या प्राध्यापकांचा मदतनीस म्हणून स्फटिकांच्या संग्रहात काम केले. स्फटिकांचे साधे, नेमके आकार त्याच्या मनात पक्के बसले असावेत. कारण पुढे १८३७ पासून त्याने लहान मुलांसाठी जी साधने तयार केली, त्यांत तेच आकार दिसतात. पहिल्या संचात लोकरीचे सहा रंगीत चेंडू. दुसऱ्यात लाकडी गोल, नळकांडे आणि घन. तिसऱ्यात एका घनाचे आठ सारखे तुकडे, जे सुटे करता येतात आणि पुन्हा जोडता येतात. चेंडू घरंगळतो, घन बसून राहतो, नळकांडे आडवे ठेवले तर घरंगळते आणि उभे ठेवले तर बसते. हे मुलाला सांगायचे नाही, त्याच्या हातालाच कळू द्यायचे. १८४० मध्ये त्याने या शाळेला 'किंडरगार्टन' म्हणजे मुलांची बाग हे नाव दिले. ती नुसती उपमा नव्हती. मुलांना खरोखरच मातीचे छोटे वाफे दिलेले असत.

खेळणाऱ्या मुलांची ही बाग सरकारला मात्र धोकादायक वाटली. १८५१ मध्ये प्रशियाने किंडरगार्टनवर बंदी घातली. ती उठली १८६० मध्ये. फ्रोबेल १८५२ मध्येच वारला होता.

यानंतरचा टप्पा इटलीतला. डॉ. मारिया माँटेसरी यांनी प्रथम मतिमंद म्हणून बाजूला टाकलेल्या मुलांबरोबर काम केले. त्यासाठी इतार आणि सेगँ या फ्रेंच डॉक्टरांच्या साधनांचा त्यांनी अभ्यास केला. मग ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांचे पहिले बालगृह सुरू झाले. मोठी माणसे कामावर गेली की मागे राहणारी पन्नासएक मुले, एवढेच त्याचे भांडवल.

त्यांची साधने पाहिली की त्यामागची वैज्ञानिक दृष्टी लक्षात येते. एका ठोकळ्याला दहा खाचा आणि त्यांत बसणारे दहा दट्टे. एक दट्ट्या चुकीच्या खाचेत गेला, तर शेवटी एक असा उरतो की जो कुठेच बसत नाही. बाईंनी "चूक" म्हणायची गरजच नाही. चूक साधनच दाखवते. मनोऱ्याचे दहा घन एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत वाढत जातात. सर्वांत मोठ्या घनात सर्वांत लहान घनासारखे हजार मावतील. मुलाला हजार ठाऊक नसतात, पण उचलताना तो फरक त्याच्या मनगटाला जाणवतो.

आणि इथेच पुन्हा कपाट येते. सुरुवातीला ही साधने कपाटात बंद असत व बाई ती वाटून देत. एके दिवशी बाईंना यायला उशीर झाला आणि आदल्या दिवशी कपाटाला कुलूप लावायचेही राहून गेले होते. येऊन पाहतात तो दार उघडे आणि मुले साधने काढून नेत आहेत. बाईंना ही चोरी वाटली. माँटेसरींना मात्र त्यात निवड दिसली. आपल्याला काय हवे हे मुलांना कळते, असा अर्थ त्यांनी लावला. मग उंच कपाटाच्या जागी मुलांच्या हाताला येतील अशा बुटक्या, उघड्या मांडण्या आल्या.

हा विचार भावनगरमध्ये गिजुभाई बधेका यांच्यापर्यंत पोचला. वकिली सोडून ते शिक्षणात आले आणि १९२० मध्ये त्यांनी बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक तिथे त्यांच्या सहकारी झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पण ही साधने महाग होती आणि बालमंदिरे मुख्यतः शहरी, सुस्थितीतल्या घरांतल्या मुलांपुरती राहत होती. गावातल्या मुलांचे काय, ही टोचणी घेऊन ताराबाई १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, आता पालघर जिल्ह्यात आहे. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या.

तिथल्या आदिवासी मुलांना बालवाडीत बोलावले तरी ती येत ना. तेव्हा बालवाडीच उठून पाड्यावर गेली आणि घरापुढच्या अंगणात भरू लागली. हीच अंगणवाडी. रोमच्या दट्ट्यांची जागा शंख-शिंपले, खडे, बिया, पाने, काटक्या यांनी घेतली. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. म्हणजे कुरणच वर्ग झाले.

आमच्या मते हा बदल केवळ काटकसरीचा नव्हता. कारखान्यातला ठोकळा एका वेळी एकच गुण दाखवतो. निवडून, घासून केलेली ती वस्तू असते, आणि तीच तिची ताकद. चिंचोका मात्र एकाच वेळी गुळगुळीत असतो, जड असतो, पाण्यात बुडतो, घासला की गरम होतो आणि पेरला की उगवतो. प्रश्न कुठे संपवायचा हे मूल ठरवते. यात एक तोटाही आहे, तो लपवू नये. दट्ट्या आपली चूक आपण दाखवतो, चिंचोका दाखवत नाही. म्हणून अंगणातल्या बाईंना जास्त सावध राहावे लागते. उत्तर द्यायचे नाही, पण "आता हे टाकून बघू या का?" एवढे योग्य वेळी विचारायचे.

एक साधा प्रयोग करून पाहा. घमेलेभर पाणी घ्या. खडा, वाळकी काडी, चिंचोका, पान आणि पत्र्याचे बोथट कडांचे झाकण मुलांपुढे ठेवा. प्रत्येक वस्तू टाकण्याआधी "बुडेल की तरंगेल?" असे विचारा. झाकण आडवे अलगद ठेवले तर तरंगते, तिरके सोडले तर बुडते. मुले इथे हमखास थबकतात. थबकू द्या. घनता हा शब्द पुढच्या इयत्तांसाठी ठेवा. मात्र बिया नाकाकानात घालण्याचे हे वय असते. तेव्हा मुलांजवळ बसून राहा आणि अगदी लहान वयाच्या मुलांना बारीक वस्तू देऊ नका.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेले. पोषण आणि लसीकरण तिच्यामुळे लाखो मुलांपर्यंत पोचले, हे काम मोठेच आहे. पण वजन, आहार आणि नोंदवह्या यांच्या गर्दीत अंगण मात्र मागे पडले. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने तीन ते आठ वयाच्या मुलांसाठी 'जादुई पिटारा' हा साधनसंच आणला. खेळातून शिकण्याला धोरणात जागा मिळाली याचा आनंद आहे. तरी जुना प्रश्न तसाच राहतो: पिटारा उघडा राहणार की कपाटात जाणार?

ज्या साधनाचा हिशेब द्यावा लागतो ते कुलपात जाते. खडे आणि चिंचोके यांचा हिशेब कोणी मागत नाही. ते हरवले तर मुलेच दुसरे गोळा करून आणतील, आणि आणताना आणखी काही पाहून येतील. आपल्या वर्गात उद्या एक बुटकी, उघडी टोपली ठेवून पाहा. मुलांनी तिचे काय केले, ते आम्हाला जरूर कळवा.