सामाईक साधनांची यादी : नीरा डावा कालवा आणि संगणकजाल

सामाईक साधनांच्या इतिहासात वाटपाची चर्चा पुष्कळ होते. वाटपापूर्वी त्या साधनाची माहिती कोणाला आणि कशी मिळत होती, हा प्रश्न मात्र सहसा बाजूस राहतो. वस्तुतः आपल्या वाट्याचे काय आहे हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या दृष्टीने ते साधन असून नसल्यासारखेच होय. म्हणून जेथे अनेकांचे मिळून एक साधन असते तेथे त्याची एक यादीही असते. ती यादी कोण ठेवतो, ती कोणाला वाचता येते आणि ती वस्तुस्थितीशी कितपत जुळते, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर त्या साधनाचे सामाईकपण अवलंबून राहते. संगणकजालावरील सामाईक साधने कमांड लाइनवरून, म्हणजे पडद्यावरील ओळीत आज्ञा टंकून, धुंडाळण्याच्या पद्धतीचा इतिहास या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर हे तालुके तुलनेस विशेष सोयीचे आहेत. कारण तेथे एका सामाईक जालाचा व त्याच्या यादीचा परिचय संगणकापूर्वी शंभर वर्षांपासून होता.

हे जाल म्हणजे नीरा डावा कालवा. वीर येथून निघालेला हा कालवा १८८५ साली सुरू झाला. त्याला पाणी पुरविणारे भाटघर धरण १८९२ मध्ये पुरे झाले. पुरंदर व बारामती ओलांडून कालवा इंदापुराकडे जातो. मुख्य कालवा, वितरिका, चारी आणि शेतचारी अशा त्याच्या शाखा-उपशाखा आहेत. शेतकऱ्याने सात क्रमांकाच्या नमुन्यावर मागणी नोंदवावयाची आणि खात्याने पाळीपत्रक तयार करावयाचे, अशी येथील रीत. खातेदाराचे नाव, गट क्रमांक, क्षेत्र आणि पाणी मिळण्याची वेळ त्या पत्रकात असे. शेजारामागून शेजाराला पाणी देणारी ही पद्धती शेजपाळी या नावाने प्रसिद्ध आहे. शेतकरी प्रथम पाणी पाहत नसे; तो प्रथम यादी पाहत असे. यादीत नाव असूनही पाणी पोहोचले नाही, ही ‘टेल’च्या, म्हणजे कालव्याच्या शेपटाकडील, शेतकऱ्याची जुनी तक्रार होय. यादी आणि वस्तुस्थिती यांतील हे अंतर पुढील विवेचनात ध्यानी ठेवावयास हवे.

संगणकांच्या स्थानिक जालात हाच प्रश्न १९८० नंतरच्या दशकात उद्भवला. एका यंत्रातील फायली व एका यंत्राला जोडलेला छपाईयंत्र इतर यंत्रांना वापरता यावा, यासाठी आयबीएम कंपनीत बॅरी फायगेनबॉम यांनी जी संदेशपद्धती रचली तिला पुढे एसएमबी हे नाव मिळाले. इतरांसाठी खुल्या केलेल्या कप्प्याला या परिभाषेत ‘शेअर’ म्हणतात. बारामती-इंदापुरात हा शब्द नवा नव्हता. सहकारी साखर कारखान्याचा शेअर म्हणजे सभासदत्वाचा व मताचा अधिकार, हा अर्थ तेथे आधीच रूढ होता. संगणकातील शेअर मात्र मालकी देत नाही. तो केवळ प्रवेश देतो, आणि तोही नाव ठाऊक असेल त्यालाच.

नाव ठाऊक करून घेण्याचा मार्ग म्हणजे ‘नेट व्ह्यू’ ही आज्ञा. ती नुसतीच दिली की जवळपासच्या यंत्रांची नावे पडद्यावर उमटत. तिच्यापुढे एखाद्या यंत्राचे नाव दिले की त्या यंत्रावरील शेअर दिसत. शेअरच्या नावाअखेरीस डॉलरचे चिन्ह जोडले तर ते या यादीत दिसत नसे, परंतु नाव जाणणाऱ्याला उघडता येत असे. म्हणजे सामाईक असणे आणि यादीत असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या पद्धतीने आरंभापासूनच मान्य केले होते.

ही यादी ठेवणारा कोणी स्थायी अधिकारी नव्हता. १९९२ मध्ये आलेल्या विंडोज फॉर वर्कग्रुप्सपासून रूढ झालेल्या व्यवस्थेत जालातील यंत्रेच आपसांत निवडणूक घेऊन एका यंत्राला यादीचे काम देत. अधिक नवी प्रणाली असलेल्या यंत्राला अग्रक्रम मिळे. बरोबरी झाल्यास अधिक वेळ चालू असलेल्या यंत्राला. तरीही निर्णय न झाल्यास वर्णानुक्रमात ज्याचे नाव आधी त्याला. प्रत्येक यंत्र साधारणतः दर १२ मिनिटांनी आपण उपस्थित असल्याची हाक देई. अशा तीन हाका चुकल्या म्हणजे त्याचे नाव वगळले जाई. त्यामुळे रीतसर बंद केलेले यंत्र यादीतून तत्काळ जाई, पण वीज गेल्याने अकस्मात बंद पडलेले यंत्र ३६ मिनिटांपर्यंत यादीत राही. ज्या काळात ग्रामीण महाराष्ट्रात भारनियमन हा नित्याचा अनुभव होता त्या काळात ही गोष्ट केवळ तात्त्विक नव्हती. यादीत नाव आहे आणि उत्तर येत नाही, हा अनुभव टेलच्या शेतकऱ्याच्या अनुभवाहून फारसा निराळा नव्हे. शिवाय ही हाक जालाच्या आपल्या तुकड्यापलीकडे जात नसे. बारामतीतील एका इमारतीतील हाक इंदापुरातील यंत्राला ऐकू जाण्याचा संभव नव्हता. त्यासाठी यादींची देवाणघेवाण करणारी वेगळी योजना करावी लागे.

या पद्धतीचा दुसरा महत्त्वाचा टप्पा ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे घडला. तेथील राष्ट्रीय विद्यापीठात विद्यार्थी असलेल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१ च्या अखेरीस युनिक्स यंत्राला या जालात सहभागी करणारी आज्ञावली लिहिली. त्यांच्या हाती या संदेशपद्धतीचे व्याकरण नव्हते. दोन यंत्रांतील संभाषण टिपून त्यांनी नियम शोधले. परकी भाषा फ्रेंच कॅफेत बसून, ऐकत ऐकत शिकावी तशी ही रीत आहे, अशी उपमा त्यांनी स्वतःच पुढे दिली. क्षेत्रकार्य करणाऱ्या भाषाभ्यासकाला या रीतीची ओळख पटण्यास वेळ लागू नये. आज्ञावलीचे पूर्वीचे नाव दुसऱ्या कंपनीच्या हक्कामुळे सोडावे लागले, तेव्हा एस, एम व बी ही अक्षरे याच क्रमाने असणारा शब्द त्यांनी संगणकातील शब्दसूचीत एका आज्ञेने शोधला आणि ‘सांबा’ हे नाव निघाले. सांबाबरोबर ‘एसएमबीक्लायंट’ व ‘एसएमबीट्री’ या आज्ञा आल्या. पहिली एका यंत्रावरील शेअर सांगते. दुसरी वर्कग्रुप, यंत्र आणि शेअर यांची वृक्षाकार मांडणी करते. सांबा विनामूल्य असल्यामुळे अल्प खर्चात प्रयोगशाळा चालवू पाहणाऱ्या संस्थांना तो विशेष उपयुक्त ठरला.

मराठीच्या अभ्यासकाच्या दृष्टीने खरा प्रश्न लिपीचा आहे. या जालातील यंत्राच्या नावास १५ बाइटांची मर्यादा होती. ‘बारामती’ या शब्दात स्वरचिन्हे धरून ७ संकेत येतात. ‘इंदापूर’ या शब्दातही अनुस्वारासह ७. भारतीय लिप्यांसाठी ठरविलेल्या इस्की या १९९१ च्या प्रमाण संकेतांत प्रत्येक चिन्हास एक बाइट लागतो. तेव्हा दोन्ही नावे ७ बाइटांत, म्हणजे मर्यादेच्या निम्म्याहून कमी जागेत, बसू शकत होती. परंतु समोरचे यंत्र तेच बाइट आपल्या पाश्चात्त्य संकेतसूचीनुसार वाची आणि नावाच्या जागी निरर्थक चिन्हे उमटत. युनिकोडने १९९१ पासून देवनागरीला स्वतंत्र स्थान दिले व त्यातील मांडणी इस्कीवरून घेतली. पण यूटीएफ-८ या प्रकारात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास ३ बाइट लागतात. तीच दोन नावे आता २१ बाइटांची झाली आणि १५ च्या मर्यादेत मावेनाशी झाली. जेथे नाव मावत होते तेथे ते वाचता येत नव्हते. जेथे वाचता येऊ लागले तेथे ते मावले नाही. शेअरच्या व फायलींच्या नावांची अडचण विंडोज २००० मधील देवनागरीच्या सोयीमुळे व २००३ मधील सांबा ३.० च्या युनिकोड-स्वीकारामुळे पुष्कळ कमी झाली. परंतु तोपर्यंत नावे रोमन लिपीत देण्याची सवय पक्की झाली होती.

लेखननियमांचा प्रश्नही येथे उपस्थित होतो. १९६२ च्या नियमांनुसार ग्रामनामातील ‘पूर’ दीर्घ लिहावयाचे असते. पाळीपत्रकात ‘इंदापुर’ असे ऱ्हस्व पडले तरी पाटकऱ्याला गाव कळत असे. आज्ञा वाचणाऱ्या यंत्राला ‘इंदापुर’, ‘इंदापूर’ आणि ‘इन्दापूर’ ही तीन वेगळी नावे होत. म्हणूनच यादी आवश्यक ठरते: ती केवळ काय आहे हे सांगत नाही, तर त्याला नेमके कसे हाकारावे हेही सांगते.

ही यादी आता बव्हंशी बंद पडली आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर आज्ञावलीने एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतील दोषाचा फायदा घेऊन अनेक देशांतील यंत्रे निकामी केली. त्याच वर्षीच्या उत्तरार्धातील विंडोज १० पासून ती जुनी आवृत्ती आपोआप बसविली जात नाही; सांबानेही २०१९ मधील ४.११ पासून ती मूलतः बंद ठेवली. यादीची जुनी व्यवस्था तिच्यावरच आधारलेली होती. ‘नेट व्ह्यू’ अद्यापि यंत्राचे नाव दिल्यास शेअर दाखविते. नाव न देता यादी मागितल्यास बहुधा चूक कळवून थांबते. सुरक्षिततेसाठी हा बदल युक्तच होता, कारण जी यादी शेजाऱ्याला वाट दाखवते ती चोरालाही दाखवते. परंतु त्याची किंमत नवागताने दिली. ज्याला नाव आधीच ठाऊक आहे त्याचे काही अडत नाही. ज्याला ठाऊक नाही त्याला आता कोणाला तरी विचारावे लागते.

नीरा कालव्याच्या बाबतीत उलट दिशेचा प्रयत्न झाला. २००५ च्या अधिनियमाने महाराष्ट्रात पाणीवापर संस्थांना वाटपाचे अधिकार देण्याची तरतूद केली, म्हणजे यादी तिच्या वाचकांच्या हाती देण्याचे धोरण कायद्याने स्वीकारले. संगणकजालात यादी यंत्रांनीच ठेवली, ती सर्वांना वाचता येत होती, पण ती कधी खोटी ठरे आणि देवनागरीला तीत जागा नव्हती. आज देवनागरीला जागा आहे आणि यादी नाही. विद्यापीठे व महाविद्यालये आपली सामाईक साधने नव्याने मांडत असताना, प्रवेशाचे नियम ठरविण्याबरोबरच मराठी नावांची एक प्रमाणित व सभासदांना वाचता येईल अशी यादी ठेवणे हे त्यांचेच काम ठरते. ते न झाल्यास साधन सर्वांचे राहील आणि वापर मात्र नाव जाणणाऱ्या थोड्यांचा होईल.